पटरी, पथारी, पदपथ

काही वर्षांपूर्वी एका हिंदी कथेचा अनुवाद करताना मी जुनी पुस्तके विकणाऱ्या म्हाताऱ्याला रेल्वेच्या रुळांवर नेऊन बसवले. मूळ कथेत तो दिल्लीत ‘पटरी’वर दुकान मांडतो. पटरी म्हणजे रूळ, हे मला ठाऊक होते. पटरी म्हणजे फुटपाथही, हे ठाऊक नव्हते. संपादकबाईंनी समासात एक प्रश्नचिन्ह काढले आणि माझी अब्रू वाचली.

तेव्हापासून या शब्दाकडे लक्ष जाऊ लागले. तमिळमध्ये तो ‘नडैपादै’, म्हणजे सरळ चालण्याची वाट. मराठीत मात्र त्याच पट्ट्याचे नाव माणूस बघून बदलते. पालिकेच्या कागदावर तो ‘पदपथ’, तिथे माल मांडणाऱ्याच्या लेखी ‘पथारी’ची जागा आणि इतरांच्या तोंडी फुटपाथ. पथारी म्हणजे मुळात अंथरूण. झोपणे आणि विकणे, दोन्ही त्या शब्दात मावतात. चालणे तेवढे मावत नाही. या भांडणाचा निवाडा करण्याचा मोठा प्रयत्न मुंबईच्या एका खटल्यात झाला. पण फुटपाथचा आणखी एक वाटेकरी आहे, आणि तो प्रत्येक वेळी अलगद सुटत आला आहे.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातली ३१२, ३१३ आणि ३१४ ही कलमे रस्त्यावरच्या अडथळ्यांविषयी आहेत. परवानगीवाचून रस्त्यात काही उभारू नये, काही मांडू नये. कोणी तसे केलेच तर आयुक्तांना ते नोटीस न देता हटवता येईल, असा त्यांचा आशय. ‘परवानगीवाचून’ हा यातला कळीचा शब्द. ज्याच्याकडे परवानगी आहे, त्याचा अडथळा हा अडथळा राहत नाही.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. २३ जुलैला झोपड्या पाडल्या गेल्या. सेलमहून १९६१ मध्ये कामाच्या शोधात आलेला एक भूमिहीन मजूर त्यांत होता. त्याला आणि त्याच्या बायकामुलींना सेलमच्या वाटेला लावण्यात आले. तो एकटा काम शोधत मुंबईत परतला आणि पुन्हा फुटपाथवरच्याच एका झोपडीत शिरला. त्याच्यासारख्यांच्या बाजूने पत्रकार ओल्गा टेलिसही न्यायालयात उभ्या राहिल्या आणि खटला त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. कमाईच्या साधनाशिवाय माणूस जगू शकत नाही, म्हणून घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे या निकालाचे थोरपण. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी सांगितला जातो. फुटपाथ सर्व लोकांच्या सोयीसाठी आहेत, खासगी वापरासाठी ते अडवण्याचा हक्क कोणालाही नाही आणि ३१४ वे कलम घटनेत बसते, असेही न्यायालयाने म्हटले. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली. तत्त्व जिंकले, जागा गेली.

पुढे १९८९ मध्ये फुटपाथवर धंदा करणे हा वाजवी बंधनांसह व्यवसायाचा हक्क ठरला आणि २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. या सगळ्या काळात वाद चालला तो माणसांना हटवण्याचा. वस्तूंकडे कोणी बघितले नाही.

मी राहते ते शहर मुंबई नव्हे, पण फुटपाथ त्याच जातीचा. आमच्या वळणावर विजेची पत्र्याची पेटी आहे, तिच्यालगत तारा नसलेला एक खांब आणि कापून नेलेल्या फलकाचे वीतभर उरलेले लोखंडी बुंधे. पेटी आणि भिंत यांच्यामधून आडवे होऊन जावे लागते. दोन वर्षांपूर्वी ती चुकवायला आई रस्त्यावर उतरू गेली. फुटपाथची कड गुडघ्याएवढी उंच. तोल गेला, मनगट मोडले. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी तिला उठवले, क्रेट उलटा करून त्यावर बसवले, पाणी दिले.

मी रीतसर तक्रार केली, सोबत पेटीचा फोटो जोडला. आठवड्याने गाडी आली. मावशींचा तराजू, क्रेट आणि ताडपत्री उचलून घेऊन गेली. माझ्या तक्रारीपुढे शेरा पडला : अतिक्रमण हटवले.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा हवी. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. खांब, पेट्या, झाडे, बाके यांचा पट्टा वेगळा. यात अवघड काही नाही. पण खांब एका खात्याचा, पेटी दुसऱ्याची, गटाराचे झाकण तिसऱ्याचे आणि फरशी चौथ्याची. प्रत्येक जण आपले काम करून जातो. चालणारा माणूस कोणत्याच खात्याचा नसतो.

जुने काढून नवे करण्याऐवजी आपण थरावर थर चढवतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकात सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर दाखवणारे काळ्या दगडाचे मैलाचे दगड बसवले होते. रस्ते आणि फुटपाथ वर चढत गेले, तसे त्यांतले काही गळ्यापर्यंत गाडले गेले. अलीकडे ते खणून वर काढावे लागले. अंतर सांगणारा दगडच जिथे बुडतो, तिथे म्हाताऱ्या माणसाच्या पावलाचे काय!

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हाही २१ व्या कलमातलाच हक्क असल्याचे सांगितले. आता एकाच कलमाच्या आधाराने भाजीवाली आणि माझी आई समोरासमोर उभ्या केल्या जातील, अशी मला भीती वाटते. पेटीला कोणत्याच कलमाची गरज नाही. तिच्याकडे परवानगी आहे.

मावशी महिन्याभराने परत बसू लागल्या, पेटीच्या पलीकडे, थोड्या अंग चोरून. आईच्या हाताची चौकशी त्यांनी केली. तक्रार कोणी केली होती, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितलेले नाही.