नामदार गोखले यांचे गिरमिटाविषयींचे दोन ठराव

कायदेकौन्सिलाचीं छापील कार्यवृत्तें हीं इतिहाससाधनें मानावयाचीं कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं मागें आम्हांस केला होता. रुमालांत बांधलेला, कसरीनें खाल्लेला, मोडी वळणाचा कागद तेवढा अस्सल, अशी ज्यांची समजूत झालेली आहे त्यांस जाडजूड सरकारी ग्रंथांचा कंटाळा यावा हें स्वाभाविकच होय. परंतु ते ग्रंथहि ओळीओळींतून वाचले तर दप्तरांतल्या कागदाइतकेच बोलके होतात. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत ता. २५ फेब्रुवारी १९१० व ता. ४ मार्च १९१२ रोजीं मांडलेले दोन ठराव आम्हीं पुनः शेजारीं शेजारीं ठेवून वाचले. हे दोन्ही ठराव एकाच मालिकेंतले, दुसरा पहिल्याचा केवळ विस्तार, असें समजण्याची चाल आहे. आमचें मत तसें नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. ‘गिरमिट’ हा अ‍ॅग्रीमेंट या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडीं झालेला अपभ्रंश होय. आमच्याकडील सुताराचें लांकडास भोंक पाडण्याचें गिरमिट निराळें. तें दुसऱ्याच एका इंग्रजी शब्दापासून आलें. दोन परक्या शब्दांचें मराठींत एकच रूप व्हावें हा योगायोग खरा, पण अर्थदृष्ट्या तो अगदींच विसंगत नाहीं! या करारानें मजूर पांच वर्षें बांधला जाई. मालक कोण मिळावा हें त्याच्या हातीं नसे. मळा सोडून परवानगीवांचून बाहेर पडल्यास किंवा कामांत कसूर झाल्यास तो दिवाणी नव्हे, फौजदारी गुन्हा ठरे. नारदस्मृतींत सेवा करणाऱ्यांचे पांच वर्ग सांगून त्यांपैकीं चार कर्मकर व पांचवा दास असा भेद केलेला आहे, आणि दासांचे पंधरा प्रकार दिले आहेत. गिरमिटिया मजुरीच्या बाजूनें पाहिला तर कर्मकर, आणि अंगावरील बंधनाच्या बाजूनें पाहिला तर दास. नारदानें त्यास कोणत्या रकान्यांत घातलें असतें हा शास्त्र्यांच्या सभेस योग्य असा प्रश्न आहे.

नाताळ वसाहतींत असे मजूर घेऊन पहिलें जहाज मद्रासेहून ता. १६ नोव्हेंबर १८६० रोजीं दरबान बंदरीं लागलें. पुढील अर्धशतकांत सुमारें दीड लक्ष माणसें तेथें गेलीं व उंसाच्या मळ्यांवर राबलीं. मुदत संपल्यावर कित्येक तेथेंच राहिले, भाजीपाला पिकवूं लागले. त्यांच्यामागून व्यापारीहि गेले. मजूर हवा परंतु शेजारी नको, असें गोऱ्या वसाहतवाल्यांचें धोरण येथून उघडें झालें. १८९५ च्या कायद्यानें मुदत संपलेल्या मजुरानें एक तर परत जावें, नाहीं तर पुनः गिरमिट लिहून द्यावें, नाहीं तर दरसाल तीन पौंड कर भरावा, असें ठरलें. १८९६ सालीं हिंदी लोकांचा पार्लमेंटरी मताधिकार काढून घेतला गेला व १८९७ सालीं नव्यानें येणारांवर युरोपीय भाषेच्या परीक्षेची अट बसली. तीन पौंड म्हणजे पंचेचाळीस रुपये. मजुराचा पगार पहिल्या वर्षीं दरमहा दहा शिलिंग व पांचव्या वर्षीं चौदा शिलिंग असे. म्हणजे पहिल्या वर्षाच्या सहा महिन्यांची सगळी कमाई एका माणसाच्या करांत जावयाची. १९०३ पासून सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुली यांच्यावरहि हा कर बसला. दोन मोठीं मुलें असलेल्या जोडप्यानें काय करावें याचें गणित वाचकांनींच मांडून पाहावें.

१९०९ च्या सुधारणांनीं कौन्सिलांतील सभासदांस ठराव मांडण्याचा हक्क मिळाला, आणि तो मिळून थोडेच दिवस झाले असतां गोखल्यांनीं कलकत्त्यास पहिला ठराव मांडला. नाताळाकरितां गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारानें हातीं घ्यावा, एवढीच त्यांतील मागणी. भाषणांत त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांचे मजूर, मुदत संपलेले मजूर व व्यापारी असे वर्ग पाडून प्रत्येकाचीं गाऱ्हाणीं सांगितलीं. याच चर्चेंत बॅ. जिना यांनीं तेथील वागणुकीस ‘क्रूर’ म्हटलें व लॉर्ड मिंटो यांनीं तो शब्द फार कडक असल्याचें बजावलें; तेव्हां याहूनहि कडक शब्द वापरण्याची आपली इच्छा होती, असें जिनांनीं उत्तर दिलें. सरकारानें ठराव मान्य केला, त्याच वर्षीं कायदा दुरुस्त झाला आणि ता. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली.

हा विजय लहान नव्हे. तथापि ठरावाचें हत्यार कोणतें होतें हें नीट पाहिलें पाहिजे. मळेवाल्यांस हिंदी मजुरांची गरज आहे. तो पुरवठा तोडला म्हणजे ते व्यापाऱ्यांच्या व इतर हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांकडे लक्ष देतील, असें त्याचें तर्कशास्त्र. गिरमिटाची रीत गुलामगिरीहून फारशी दूर नाहीं हें गोखले तेव्हांहि म्हणाले होते, परंतु ठरावाचा भार तेथें नव्हता. मजूर ही तेथें तरफ होती. फिजी, ट्रिनिदाद, जमेका इकडे जाणाऱ्या जहाजांस या ठरावानें कांहींच अटकाव झाला नाहीं.

दोन वर्षांनंतरचें भाषण निराळ्याच पायावर उभें आहे. येथें एका वसाहतीस धडा शिकविण्याचा हेतु नाहीं. रीतच मुळांत अन्यायाची आहे, म्हणून ती सर्वत्र बंद व्हावी, अशी मागणी आहे. मजुराची जी अट आम्हीं वर सांगितली ती गोखल्यांनीं एकेक कलमानें उलगडून दाखविली: अनोळखी देश, न निवडलेला मालक, कधीं समजावून न दिलेला कायदा, आणि बारीकसारीक चुकीसाठीं फौजदारी शिक्षा. दर शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया पाठविण्याच्या नियमानें काय अनर्थ होतो हें त्यांनीं संयमानें पण स्पष्ट सांगितलें. मळ्यांवरील आत्महत्यांच्या आंकड्यांची तुलना स्वदेशांतील प्रमाणाशीं केली. करार खुषीचा आहे या सरकारी उत्तरास त्यांचें प्रत्युत्तर असें कीं, एक पक्ष निरक्षर व अजाण आणि दुसरा पक्ष सर्वसमर्थ असतां त्यास करार म्हणणेंच चूक. आम्हीं जन्मभर व्याकरण व न्याय शिकविला. हेत्वाभास इतक्या थोडक्या शब्दांत उघडा पाडलेला क्वचितच पाहिला.

मतें पडलीं तीं अनुकूल २२ व प्रतिकूल ३३. हजर असलेले सर्व हिंदी सभासद अनुकूल होते. हाच ठराव यश येईपर्यंत पुनःपुनः पुढें येईल, असें गोखल्यांनीं कौन्सिलास बजावून ठेवलें होतें. पंधराच दिवसांनीं, ता. १९ मार्च रोजीं, त्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. तेथें मात्र हिंदी सभासद एकदिल राहिले नाहींत. परक्या मुलखांतील हिंदी मजुरासाठीं जें ऐक्य झालें तें गांवच्या शेतकऱ्याच्या मुलासाठीं होऊं शकलें नाहीं, ही नोंद अभ्यासकांनीं करून ठेवावी.

त्याच वर्षीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत गोखले दक्षिण आफ्रिकेंत गेले. कायद्यांत वंशभेद नसावा, पण नव्या आगमनावर व्यवहारांत मर्यादा असल्यास हरकत नाहीं, ही त्यांची तडजोड मुंबईंत पुष्कळांस रुचली नाहीं, व परत आल्यावर त्यांस टीका ऐकावी लागली. तीन पौंडांचा कर जाईल अशी मंत्र्यांच्या बोलण्यावरून त्यांची खात्री झाली होती. गांधींस मात्र शंका होती, आणि शंकाच खरी ठरली. १९१३ चा संप व्हावा लागला, तेव्हां १९१४ च्या कायद्यानें तो कर उठला. लिखित नसलेल्या वचनावर गोखल्यांसारख्या कागदपत्रांत मुरलेल्या पुरुषानें विसंबावें याचें आम्हांस आजहि नवल वाटतें.

या प्रवासांतील एक हकीकत आमच्या वाचकांस विशेष रुचेल. जोहान्सबर्ग येथें श्रोत्यांत कोंकणी मुसलमान व कांहीं महाराष्ट्रीय होते, म्हणून गोखल्यांनीं मराठींत बोलावें व आपण त्याचें हिंदुस्थानी करूं, असें गांधींनीं सुचविलें. गांधींच्या मराठीच्या ज्ञानाविषयीं ऐकून गोखल्यांस हसूं आवरेना. परंतु त्यांनीं मानलें, आणि पुढें झांजीबारपर्यंत अशा प्रसंगीं ते मराठींतच बोलले. कौन्सिलांतील त्यांचें सारें भाषणकर्तृत्व इंग्रजींत. ज्या मजुरांविषयीं तें होतें त्यांच्यापुढें मात्र ते स्वभाषेंत उभे राहिले.

गोखले ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं निवर्तले. पं. मदनमोहन मालवीय यांनीं ता. २० मार्च १९१६ रोजीं तोच प्रश्न पुनः मांडला, तेव्हां लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारानें तो मान्य केला. १९१७ सालीं जहाजें थांबलीं व १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेले करार रद्द झाले.

आतां एक विनंति. १८४० नंतर मुंबई बंदरांतून मॉरिशसास जे मजूर गेले त्यांत रत्नागिरीकडील बरेच होते, व त्यांचे मराठी बोलणारे वंशज तेथें नांदत आहेत. कौन्सिलाच्या ग्रंथांत या माणसांविषयीं पुष्कळ आहे, त्यांचें स्वतःचें एक वाक्यहि आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. कोंकणांतील ज्या घराण्यांच्या दप्तरांत अशा मंडळींचीं पत्रें, हुंड्या, जमिनीच्या वाटणीचे कागद किंवा ‘मिरचेस गेला’ अशा मजकुराच्या वंशावळी असतील, त्यांनीं त्या मंडळास दाखवाव्या; नकल करून मूळ कागद जसाच्या तसा परत केला जाईल.