सावित्रीच्या वाटेने : तांडा, घाट आणि मोटारी

सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूर आणि महाड ओलांडते आणि बाणकोट-हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. रायगडच्या दक्षिण किनाऱ्याकडे जाणारी एक जुनी वाट जवळपास याच नदीच्या सोबतीने उतरते. सुट्टीच्या दिवशी पहाटे मुंबई-पुण्याहून निघालेल्या स्पोर्ट्स मोटारींची रांग या बाजूला दिसली, की बघणाऱ्याच्या मनात कौतुक आणि धास्ती एकदमच उभी राहतात. या रांगेला आपण आधुनिक काळाची हौस समजतो. पण घाटातून समूहाने जाणे ही या प्रदेशातली फार जुनी रीत आहे, आणि तिचे नियमही जुनेच आहेत.

महाड हे एके काळी खाडीतून गलबते येण्याचे बंदर होते. मीठ, सुकी मासळी येथून वर जाई आणि देशावरचा माल खाली येई. घाटातली ही वाहतूक बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनी होत असे. तांड्याला नाईक असे. वाट, पाणी आणि मुक्काम त्याला ठाऊक असत, आणि थकलेले जनावर मागे टाकून पुढे जाणे परवडणारे नसल्यामुळे सगळ्यात मंद बैलाची चाल हीच तांड्याची चाल ठरे. घाटांची नावे तर प्रवाशांना दिलेल्या इशाऱ्यांसारखीच आहेत. प्रतापगडाजवळच्या ‘रडतोंडी’च्या घाटाला वेगळे वर्णन कशाला हवे? १६५९ साली अफझलखानाचे सैन्य याच घाटाने जावळीत उतरले, असे परंपरा सांगते. एवढा मोठा जमाव अरुंद वाटेवर लांबत गेला, की पुढच्याला मागच्याची खबर राहत नाही. जावळीच्या खोऱ्याचे बळ यातच होते.

१८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि घाटाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पुढे १८७०च्या दशकात महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळीचा रस्ता तयार झाला. गव्हर्नर फिट्झजेरल्ड यांच्या नावानेही तो ओळखला जाई. चढ सौम्य व्हावा म्हणून अभियंत्यांनी वाट लांबवली आणि वळणे वाढवली. म्हणजे ही वळणे मुळात बैलगाडीच्या दमासाठी आखलेली आहेत. आज त्यांच्यावरून शेकडो अश्वशक्तीचे इंजिन धावते, तेव्हा दोन वेगवेगळी शतके एकाच रस्त्यावर आलेली असतात. डांबर बदलले, पण डोंगराचा उतार आणि वळणापलीकडचे न दिसणे तसेच राहिले.

या वाटेवरचे दोन अपघात महाराष्ट्र विसरलेला नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने प्रवाहात गेली. अंधारात पुढचा रस्ता उरलेला नाही हे येणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. जवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराच्या ते लक्षात आले आणि त्याने मागची वाहने थांबवण्यासाठी धाव घेतली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. नंतर २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. तो दरी चढून रस्त्यावर आला आणि त्याने फोन केला, तेव्हा जगाला कळले. दोन्ही घटनांत पुढे काय झाले हे मागच्यांना सांगणारा माणूस निर्णायक ठरला. समूहाने प्रवास करण्याचा खरा अर्थ मला इथे सापडतो.

तेव्हा मोटारींच्या तांड्याची आखणी करायची तर नाईकापासून सुरुवात करावी. वाट माहीत असलेला पुढे आणि तितकाच अनुभवी, घाई नसलेला माणूस शेवटी असावा. चार-पाच मोटारींहून मोठी रांग करू नये, मोठा गट असेल तर तुकड्या कराव्यात. प्रत्येक फाट्यावर आपल्या मागची मोटार दिसेपर्यंत थांबावे. एवढी एक शिस्त पाळली, तर पुढच्याला गाठण्यासाठी कोणालाच वेग वाढवावा लागत नाही. आपसात ओव्हरटेक करू नये. उतारावर लहान गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा तर कायद्याचाच नियम आहे. घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून भेटीची ठिकाणे आधीच ठरवावीत : पोलादपूर, महाड, म्हसळा, बागमांडला. पावसाळा आणि रात्र टाळावी. शिवाय या रस्त्याने शाळेची मुले, गुरे आणि एस.टी. रोज जातात. त्यांच्यासाठी हा रस्ता हौसेचा नाही, याचे भान शेवटपर्यंत असावे.

बागमांडल्याला पोचल्यावर बाणकोटची खाडी आडवी येते. पलीकडे वेशवीला जायला वर्षानुवर्षे फेरीबोटच वापरली गेली. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि बुटक्या स्पोर्ट्स मोटारीचा तळ घासण्याची भीती असते. मग भरतीची वाट पाहावी लागते. इंजिने बंद होतात, माणसे उतरतात आणि कोणीतरी सहज मोटारी मोजू लागते. जितक्या निघाल्या तितक्याच असतील, तर प्रवास नीट झाला.