तोंडावरचा हात

दातांचा दवाखाना म्हटला की मूल आईच्या पदराआड दडते. या भीतीशी वैद्याने कसे वागावे, याविषयीची शिकवण गेल्या शंभर वर्षांत पार पालटली. तो पालट आम्हां शिक्षकांनीही समजून घ्यावा असा आहे.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बालदंतवैद्य इव्हँजेलिन जॉर्डन यांनी असा सल्ला दिला की, धडधाकट मूल रडणे थांबवीत नसेल, तर घडी केलेला रुमाल धरून त्याचे तोंड मिटवावे. पुढे ही एक रीतसर पद्धतच ठरली. आकांत करणाऱ्या, पण समज असलेल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवायचा. नाक मोकळे ठेवून कानाशी हळू सूचना द्यायची. आणि ते निवळताच हात काढून त्याला शाबासकी द्यायची. हे शिकविणारे क्रूर नव्हते. मुलाचे भले व्हावे, हाच त्यांचा हेतू होता. पण छडीचे समर्थनही आम्ही शिक्षक याच शब्दांत करीत आलो, हे विसरता येत नाही.

१९५९ साली हॅरल्ड अ‍ॅडलस्टन यांनी निराळी वाट मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आरसा मुलाच्या हाती द्यावा, यंत्राचा आवाज ऐकवावा, आणि मगच दाताला हात लावावा. पुढे भूलशास्त्र सुधारले, पालकांच्या संमतीला मोल आले, आणि बालपणीचा धसका मोठेपणीही माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतो हे ध्यानी आले. अखेर २००६ साली अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संस्थेने तोंडावर हात ठेवण्याची पद्धत आपल्या मार्गदर्शनातून वगळली. मुलाला धरून ठेवणे अपरिहार्यच झाले, तर त्यालाही आता संमतीचे व नोंदीचे बंधन आहे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून धाकावाचून शिक्षणाचा आग्रह धरला. तरी शाळेतील शारीरिक शिक्षेवर देशभर कायद्याची बंदी आली ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने.

पण कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,” हा धाक आमच्या बालाघाटातही घरोघरी ऐकू येतो. वैद्याने हात मागे घेतला. आता आपणही ती धमकी मागे घेऊ या.