शेवट माहीत असला की इतिहास बिघडतो: रहीमसाहेबांचा शेवटचा हंगाम

आमच्या अंजनवेलला गोपाळगडावरून वाशिष्ठीच्या मुखाकडे बघितलं, की आत येणारी होडी कुठे लागणार हे वरून आधीच कळतं. होडीतल्या माणसाला मात्र समोरची लाटच दिसते. इतिहास लिहिताना आपण बहुतेक वेळा गडावर उभे असतो. गडबड तिथेच होते.

उदाहरण घेऊ. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि फुटबॉलचे प्रशिक्षक. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा भारतीय संघ चौथा आला. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले.

मग आलं १९६२ चं जकार्ता. तिथलं सुवर्णपदक ही रहीमसाहेबांची शेवटची मोठी कामगिरी. ११ जून १९६३ ला कर्करोगाने ते गेले. त्यामुळे आज बहुतेक लेखांत जकार्ता म्हणजे ‘गुरूला दिलेला निरोप’ असतो. गोष्ट छान आहे, पण पुरावा उलटा वाचलेला आहे. शेवट धरून मागचं सगळं त्याच्याकडे वळवलंय.

आता क्रमाने वाचा. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. थायलंडला ४-१ हरवलं, पण बचावपटू जर्नेलसिंग यांचं डोकं फुटलं. पुढे जपानवर २-० असा विजय मिळाला. उपांत्य फेरीत रहीमसाहेबांनी जखमी जर्नेलना चक्क आघाडीला खेळवलं. त्यांनी गोलही केला आणि भारत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ जिंकला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि पुन्हा जर्नेल यांनी गोल केले. कोरिया २-१ ने हरला. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्याचा वाद तेव्हा पेटलेला होता. त्यामुळे प्रेक्षक भारताच्या विरोधात होते.

असं वाचलं की ‘निरोप’ मागे पडतो आणि प्रशिक्षकाचं काम दिसायला लागतं. हार पचवणं, जखमी खेळाडूची जागा बदलणं, चिडलेल्या मैदानात संघ सांभाळणं. जर्नेलना पुढे आणणं आज हुशारी वाटते. तो निर्णय घेतला त्या दिवशी ती निव्वळ जोखीम होती. सामना हरला असता, तर त्याच निर्णयाला आपण चूक म्हटलं असतं.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा दोन गोष्टी करा. आधी तारखांचा तक्ता करा आणि प्रत्येक तारखेसमोर ‘त्या दिवशी यांना काय माहीत होतं?’ एवढंच लिहा. दुसरं, त्या दिवसाचा निकाल आणि खेळाडूंनी वर्षांनंतर सांगितलेली आठवण वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. आठवण खोटी नसते, पण तिला शेवट माहीत असतो.

रहीमसाहेबांनंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. ते का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. हळहळत राहिलो तर तो विचारायचाच राहून जातो.