चुकलेल्या ठोक्याची कथा



नाडी चालता चालता मध्येच एक ठोका चुकला, की पाहणाऱ्याचे बोट थबकते आणि रोग्याच्या मनात धस्स होते. ही भीती जुनी आहे. थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक, असा निर्वाळा शार्ङ्गधरसंहितेनेही दिला आहे. परंतु तो ठोका खरोखरच चुकतो काय?

याचे उत्तर प्रथम बेडकाच्या हृदयाने दिले. १८७० नंतरच्या दशकात पॅरिसच्या मारे यांनी दाखविले, की आकुंचन पावणारे हृदय नव्या चेतनेला दाद देत नाही. म्हणजे ठोका चुकत नसून एक ठोका अवेळी, आधीच पडतो. हृदय पुरते भरलेले नसल्याने तो मनगटापर्यंत पोहोचत नाही; आणि पाठोपाठ येणारी नियमित चेतना, हृदय अजून विसावलेले नसल्यामुळे, वाया जाते.

१८९४ मध्ये एंगेलमान यांना आणखी एक नवल आढळले. वरच्या कप्प्यातील चेतना खालच्या कप्प्याला हलवू शकली नाही, तरी तिच्यामागून येणाऱ्या चेतनेला उशीर होतोच! पुढे आइन्थोव्हेन यांनी हृदयाची वीज कागदावर उमटविली. आज आपण जो ‘ईसीजी’ काढतो, त्याचे मूळ तेथे आहे. १९०६ मध्ये जपानी संशोधक तावारा यांनी दोन्ही कप्प्यांमधील चेतनेचे ‘नाके’ शोधून काढले. आणि १९४८ मध्ये शिकागोच्या लांगेनडॉर्फ यांनी या सर्वांची सांगड घातली.

आपल्या जुन्या नाशकातील एखादा अरुंद बोळ डोळ्यांपुढे आणा. समोरून एक गाडी आत शिरली, निम्म्यात अडली आणि तेथेच राहिली. अलीकडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कोणालाही ती दिसली नाही. पण मिरवणूक मात्र खोळंबली. खालच्या कप्प्यातून अवेळी उठलेली चेतना अशीच उलट नाक्यात शिरते आणि विरते. आलेखावर तिची तेथली खूण नसते. पुढच्या ठोक्याच्या विलंबावरूनच ती ओळखावी लागते.

निरोगी माणसाचे असे तुरळक ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र सोबत घेरी, छातीत दुखणे किंवा हृदयविकार असेल, तर वैद्याला दाखविलेच पाहिजे. जुन्या वैद्यांच्या बोटाला जाणवलेला खंड खरा होता. त्याचा अर्थ लावावयास मात्र बेडकापासून शिकागोपर्यंतचा प्रवास करावा लागला. भय ओसरले ते धीराच्या शब्दांनी नव्हे, ज्ञानाने.