दीडशे रुपयांची प्रतिज्ञा



मागील वर्षी बारावीतील एका हुशार विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले. मुलीला प्राध्यापिका व्हावयाचे होते. ते म्हणाले, "सर, शिकण्याला माझी ना नाही. पण हिची कमाई सुरू कधी होणार आणि तोवर घर कसे चालणार, एवढे सांगा." हा प्रश्न लोभाचा नव्हे. विद्या आणि चरितार्थ यांचा मेळ कसा घालावा, हे कोडे आपल्याआधी थोरामोठ्यांनाही पडले होते.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे शिकविण्याचे वचन देत असत. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांपैकीच. असाच प्रसंग पुढे दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियावर आला.

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे झाली. सरकारी मदत घ्यावयाची नाही, हा तिचा बाणा. खर्च मुख्यतः खिलाफत चळवळीच्या निधीतून चाले. परंतु १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच रद्द झाली आणि हा झरा आटला. संस्था बंद करावी, असे अनेकांना वाटू लागले. हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी व महात्मा गांधी यांनी धीर दिला आणि १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोल बागेत आली.

त्या वेळी झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे तीन तरुण जर्मनीत होते. परदेशी पदवीच्या जोरावर तिघांनाही चांगल्या पगाराची जागा मिळाली असती. मुजीब तर लखनौच्या सधन घरातील. तरीही १९२६ मध्ये तिघेही जामियात दाखल झाले. अवघ्या एकोणतीस वर्षांचे झाकिर हुसेन कुलगुरू झाले.

डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले आणि संस्थेचा मोठा आधार गेला. तेव्हा १९२८ मध्ये झाकिरसाहेबांच्या पुढाकाराने अकरा जणांनी प्रतिज्ञा केली : २० वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. झाकिरसाहेबांनी स्वतः त्याहूनही कमी घेतले. ठरलेली रक्कमसुद्धा पुष्कळदा वेळेवर मिळत नसे. त्याची झळ घरच्या मंडळींनीही सोसली, हे विसरता कामा नये.

वाचकहो, यास केवळ त्याग म्हणून हात जोडून मोकळे होऊ नका. झाकिरसाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. या प्रतिज्ञेत मुदत ठरलेली होती, रक्कमही ठरलेली होती. त्यामुळे संस्थेला खर्चाचा अंदाज बांधता आला आणि शिक्षकालाही आपला संसार किती पैशांत भागवावयाचा हे आधीच ठाऊक झाले. शिवाय एकाच धनिकावर विसंबून न राहता 'हमदर्दान-ए-जामिया' या नावाने सामान्य लोकांकडून लहानलहान वर्गण्या गोळा केल्या गेल्या. म्हणजे येथे हिशोब होता, नियोजन होते.

१९४८ मध्ये वीस वर्षे पुरी झाली. त्याच वर्षी झाकिरसाहेब अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जामियाची धुरा मुजीबसाहेबांकडे आली. झाकिरसाहेब १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना जामियाच्याच आवारात दफन करण्यात आले. १९८८ मध्ये जामिया केंद्रीय विद्यापीठ झाले.

आज कोणी दीडशे रुपयांवर राहावे असे मी म्हणणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्यांमुळे कायम प्राध्यापकाचे वेतन चांगले आहे. अडचण आहे ती तेथवर पोहोचण्याची. एम.ए. किंवा एम.एस्सी., मग नेट अथवा पीएच.डी., आणि त्यानंतरही कित्येकांची वर्षे तासिका तत्त्वावर जातात. कमाई उशिरा सुरू होते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतनही आपोआप मिळत नाही, वेतनातून अंशदान द्यावे लागते. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप नव्याने देणे २०२२ मध्ये बंद झाले. नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मात्र आहे. तिची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी.

त्या वडिलांना मी हेच सांगितले : घरी बसून वर्षांचा हिशोब मांडा. शिक्षण किती वर्षे, खर्च किती, शिष्यवृत्ती कोठून, आणि नोकरी लांबली तर पोटापाण्यासाठी बी.एड.सारखा दुसरा आधार कोणता, हे कागदावर उतरवा. पहिल्या पगारापासून थोडे बाजूला टाकण्याची सवय मुलीला आतापासून लावा. हिशोब पाहून पाऊल मागे घेऊ नका. हिशोब मांडावयाचा तो पाऊल पुढे टाकता यावे म्हणून.

मुलीने यंदा बी.ए.ला प्रवेश घेतला आहे. त्या घरातील वहीच्या पहिल्या पानावर तिच्या वडिलांनी वर्षे मांडली आहेत. अशी वही आपल्या प्रत्येक घरात असावी, एवढीच माझी विनंती.