पांढरीवर घर, काळीत शेत

मंडळी, घर बांधायला काढले की प्रत्येक जण आधी खोल्या मोजतो, मग स्लॅबचा हिशोब करतो. जमिनीखाली जाणारा पैसा मात्र जिवावर येतो, कारण तो कोणाला दाखवता येत नाही. सध्या आमच्या नात्यातल्या दोन-तीन जणांची घरे मानवतच्या बाहेर, नव्या प्लॉटिंगमध्ये उभी राहताहेत. त्यानिमित्ताने आपल्या भागातल्या पायाचा थोडा इतिहास सांगावासा वाटला.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीवर राहायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथातही ही विभागणी आहे. शाळेत असताना मला वाटायचे, ही नुसती महसुलाची सोय असावी. पण त्यामागे मातीचा स्वभाव आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्यातून झालेल्या काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. तिच्यातल्या चिकण खनिजाला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. ते पाणी प्याले की फुगते, वाळले की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच बुजतात. कापसाला हे मानवते, भिंतीला नाही. घराच्या कडेची माती ओली-कोरडी होत राहते, मधली फारशी हलत नाही. म्हणून भिंत एका बाजूने उचलली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते.

आता पांढरीचे पाहा. पुरातत्त्वाचे अभ्यासक महाराष्ट्रात पांढरीचे टेकाड दिसले की जुनी वस्ती शोधतात. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, चुना असे शतकानुशतके साठत गेले आणि जमीन पांढुरकी झाली. म्हणजे पूर्वजांनी पांढरी निवडली एवढेच खरे नाही, राहून राहून त्यांनी ती केलीसुद्धा. एक पिढी पडक्या घराच्या मातीवर दुसरे घर बांधी, आणि पाया आपोआप दबत जाई.

लाकडी घराची गोष्ट त्याहून जुनी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या खांबांचे खड्डे सापडले. लाकूड केव्हाच गेले, खड्डे तेवढे राहिले. जमिनीत पुरलेले लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते. पुढे सुतारांनी खांब दगडावर उभा केला. तो दगड म्हणजे तळखडा. आमच्याकडचे माळवदाचे घर असेच असे. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, आडवी लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर केवढे तर इतक्या खणांचे, असे सांगत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. त्यानंतर 'माळवद म्हणजे मरण' असे लोकांच्या मनात बसले. पण पाहणी करणाऱ्यांनी वेगळे नोंदवले. भिंतींचे आतले आणि बाहेरचे असे दोन पडदे, मधे दगडमातीचा भराव आणि दोन्हींना जोडणारे आरपार दगड नाहीत, अशा भिंती फुटून कोसळल्या. जिथे लाकडी सांगाडा धड होता आणि छताचा भार भिंतीवर नसून खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही छत पुष्कळदा उभे राहिले. दोष लाकडाचा नव्हता. जड छप्पर आणि न बांधलेली भिंत यांनी घात केला.

असो. आता गावे पांढरीवर मावत नाहीत. नवी वस्ती सरळ काळीत जाते, कालपर्यंत जिथे कापूस होता तिथे. म्हणून जुने शहाणपण नव्या रीतीने पाळावे लागेल. काळी खरवडून वरच्यावर पाया भरू नये, मुरूम लागेपर्यंत खोदावे. खड्ड्यात तीच काळी परत न टाकता मुरूम थराथराने घालावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा. काळीचा थर फारच खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने प्रसार केलेला उपाय आहे. साधारण साडेतीन मीटर खोल भोक घेऊन तळाशी ते अडीचपट रुंद करायचे आणि काँक्रीट भरायचे. खाली फुगीर असलेला हा खांब हलत्या थराच्या खाली घट्ट बसतो, वरची माती त्याला उचलू शकत नाही. याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. त्याचा हिशोब मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्यावा. शिवाय पावसाचे आणि न्हाणीचे पाणी पायापासून लांब काढावे, भिंतीला लागून मोठे झाड लावू नये.

आमच्या मुलांना मी एवढेच म्हणतो, की हॉलची फरशी दोन वर्षांनी बदलता येते, पाया बदलता येत नाही. पैसे कमी पडले तर एक खोली कमी बांधा, पण मुरूम लागायच्या आधी खोदकाम थांबवू नका. पूर्वजांना पांढरी आयती मिळाली होती. आपल्याला ती काळीत पुरून तयार करायची आहे.